सगळ्यांना गेलेलं आमंत्रण

नोएडा, सेक्टर ६२
१६ नोव्हेंबर २०२५

ती. पद्मजाकाकूस,
शि. सा. न. वि. वि.

वरची अक्षरं आईला फोन करून विचारून घेतली आहेत. त्यांचा अर्थही तिने सांगितला होता, पण तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली. नमस्कार आहे एवढं नक्की. दिवाळीत तू म्हणालीस की फोनवर मी दोन वाक्यांनंतर हिंदीत घसरते, म्हणून यापुढे तुझ्याशी बोलायचं तर कागदावर बोलायचं. चलो, मंजूर. कागद ऑफिसच्या प्रिंटरमधला आहे आणि पेन अनिशचं आहे. अनिश म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो तो. फक्त खुर्चीवर. आईला काही सांगू नकोस.

नोकरी ठीक आहे. एका विमा कंपनीच्या वेबसाइटवर एक बटण आहे. ते निळं होतं, मी हिरवं केलं, आता परत निळं करायचं आहे. यासाठी मी इंजिनिअरिंग केलं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी माझे स्वतःचे प्रोजेक्ट करते. बाबा त्यांना उद्योग म्हणतात. मेट्रोच्या कुठल्या डब्यात जागा मिळेल ते सांगणारं एक ॲप केलं. ते नेहमी शेवटचा डबा सांगतं, कारण मी तेवढंच करून थांबले. तुळशीला पाणी घालायची आठवण करणारं एक केलं. ते अजून रोज आठवण करतं, तुळस मात्र वाळली. मराठी शब्दांचा एक खेळ अर्धा झालाय, पण त्यातले शब्द मलाच येत नाहीत.

आता खरी बातमी. गुडगावच्या आपल्या मंडळाच्या वृंदाकाकूंनी मला काम दिलंय! संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं त्या दरवर्षी फोन करून करून देतात. मग कोण येणार ते कळत नाही, वाण कमी पडतं आणि गाड्या अर्ध्या रिकाम्या येतात. मी म्हटलं, मी बनवते ना ॲप. काकू, माझ्याशिवाय दुसरं कुणी वापरेल अशी ही माझी पहिली वस्तू असणार आहे. पैसे नाहीत, तिळगूळ आहे. पण मला सांग, हळदीकुंकवात नक्की काय काय करतात? मी लहानपणी फक्त वाण उघडून बघायचे आणि पळायचे.

शेवटी लोभ असावा असं लिहितात ना? बिल्कुल असावा.

तुझी,
अनुष्का

मानेसर
२७ नोव्हेंबर २०२५

चि. अनुष्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने देताना विचारलं की कोर्टाचं काही आहे का, कारण इथे हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट त्याला आठवतच नाही. पुतणीचं आहे म्हटल्यावर त्याला जरा वाईटच वाटलं. पत्र एकदा सरळ वाचलं आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. पेन्सिलीचं काय झालं ते तुला कळवत नाही. तुझी हौस मोडायला नको.

तुझ्या उद्योगांची यादी वाचून हसू आलं. पलटणीच्या क्वार्टर्समध्ये आमच्या लाइनीत एक बाई होती. थंडी सुरू झाली की नवा स्वेटर विणायला घ्यायची आणि एक बाही झाली की ऊन पडायचं. तिच्याकडे नुसत्या बाह्या होत्या. तुझ्या काकांचं उलट. पलटण सुटून ते इथल्या कंपनीत लागले, रोज संध्याकाळी कंपनीच्या बसने फाट्यावर उतरून घरी यायचे, तरी हातातलं काम संपल्याशिवाय पानावर बसत नसत. मी हाका मारायची, जेवण गार व्हायचं, मी चिडायची. आता मी वेळच्या वेळी गरम जेवते. त्यात काही मजा नाही.

तुझं काम नेमकं काय असतं ते कळावं म्हणून सोसायटीच्या रद्दीतून कॉम्प्युटरचं एक हिंदी पुस्तक आणलंय. माझी शाळा नववीत सुटली, पण छापलेलं दिसलं की वाचायची खोड सुटली नाही. तुझे काका पलटणीच्या लायब्ररीतून जे हाताला लागेल ते आणायचे, त्यात मी तोफांच्या देखभालीवरचंसुद्धा एक वाचलंय. हे पुस्तक त्यापेक्षा अवघड आहे. त्यात म्हटलंय की मशीनला आपण सांगितलं तेवढंच कळतं. हे वाचून मला ते मशीन एकदम जवळचं वाटलं.

हळदीकुंकवाचं विचारलंस. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये असताना मी आणि वृंदा हातात करंडा घेऊन क्वार्टर क्वार्टर फिरायचो. दारात कुंकू लावायचं आणि अमुक दिवशी या म्हणून सांगायचं. सांगायला क्षण पुरतो, पण प्रत्येक घरी बसवून घ्यायचे, त्यामुळे दुपारच्या दुपारी जायच्या. कार्यक्रमात हळद-कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, ओटीला बोरं-गाजर-हरभरे आणि वाण. तू एवढं विचार, कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं मूल अंगावर पितं, कोण लांबून येणार आणि कुणाला गाडी लागेल. बाकी वृंदाला विचार. मी हल्ली त्यात नसते.

काम पुरं कर. लोभ आहे, तो तुझ्या तुळशीसारखा होऊ देणार नाही.

तुझी,
पद्मजाकाकू

नोएडा
४ जानेवारी २०२६

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि. (आता अर्थ पाठ केलाय. डोकं आणि सात आणखी अवयव जमिनीला टेकवून. ऑफिसात शक्य नाही, पण समजून घे.)

काकू, पुरं झालं! सगळंच्या सगळं! नाव ठेवलंय 'यायचं हं'. मंडळाच्या सभासदांच्या फाइलमधल्या सगळ्या बायकांची नावं मी त्यात घातली आणि एक तारखेला आमंत्रणं सोडली. रविवार २५ जानेवारी, रथसप्तमी, गुडगावचा हॉल. प्रत्येकीला तिच्या नावाने निरोप जातो, गाडी कुठे थांबेल ते कळतं, आणि खाली लिहिलेलं असतं की तुमच्यासाठी एक वाण राखून ठेवलं आहे. उत्तर आलं नाही तर एक दिवस सोडून ते पुन्हा विचारतं, पण दरवेळी वेगळ्या वाक्यात, म्हणजे बँकेसारखं वाटू नये. ती वाक्यं मी बनवली आहेत. शुद्धलेखन आईने बघितलं.

अनिशने सगळं तपासून दिलं. त्याचं म्हणणं, लोकांना लागेल तेवढंच विचारावं, उगाच माहिती गोळा करू नये. म्हणून मी नाव, फोन, राहायची जागा आणि तू सांगितलेलं जिना, मूल, गाडी एवढं सोडून कुणाला काहीच विचारलेलं नाही. मला माझा इतका अभिमान वाटतोय की काल विमा कंपनीचं बटणसुद्धा मी प्रेमाने निळं केलं.

उत्तरं धडाधड येतायत. सगळ्यात पहिलं उत्तर कॅन्टोन्मेंटजवळ राहणाऱ्या सखुबाई पवारांचं आलं. त्यांनी फोन करून विचारलं की गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत येईल का, कारण नवी साडी नेसून चिखलातून कसं यायचं. आणि तू? तुझ्या नावापुढे लाल अक्षरात 'उत्तर नाही' असं दिसतंय. मला पत्राला उत्तर द्यायचे धडे देतेस आणि स्वतः एक बटण दाबवत नाही! गाडीतली खिडकीजवळची जागा मी तुझ्या नावावर करून टाकली आहे. मी पण येणारच आहे, आपण शेजारी बसू.

वाट बघते आहे. लोभ लाल अक्षरात आहे, तो हिरवा कर.

तुझी,
अनुष्का

गुडगाव
८ जानेवारी २०२६

प्रिय पद्मजा,
स. न. वि. वि.

गुळाच्या पोळ्या आमच्या ह्यांच्या हाती पाठवते आहे. त्यांना मानेसरला काम होतं. पोळ्या फाटल्यात, चव बरी आहे. फोन कितीदा हातात घेतला आणि ठेवला, म्हणून शेवटी ही चिठ्ठी डब्यात वर ठेवली. आधी पोळी खा, मग वाच.

तुला मोबाइलवर हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं असेल. अगं, अनुष्काने फाइलमधली सगळी नावं घातली. सगळी म्हणजे सगळी, तुझ्यासारख्या बायकांचीसुद्धा. मी तिला आधी काही सांगितलं नाही, कारण सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपण करंडा घेऊन फिरायचो तेव्हा कुठल्या दारावरून पुढे जायचं ते कुणी कुणाला सांगायचं का? पोर दिल्लीत वाढलेली, तिला काय माहीत.

आता समितीत गोंधळ आहे. दोघी-तिघी म्हणतात, असं असेल तर आम्ही येत नाही. अध्यक्ष अण्णासाहेब म्हणतात, सरळ दुसरा निरोप पाठवा की आमंत्रण चुकून गेलं, रद्द समजावं. ते पाठवणं अनुष्काच्याच हातात आहे. ती विचारणार, का. मला तिला सांगायला शब्द सापडत नाहीत, पद्मजा. तिकडे सखुबाईने येते म्हणून कळवूनही टाकलंय. तिचा नवरा सीमेवर गेला, तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?

तू अनुष्काला समजाव. ती तुझं ऐकते, आणि तू समजूतदार आहेस, मनाला लावून घेणार नाहीस. तुझ्या मनाला लागावं असं मला कधी वाटलेलं नाही, हे तुला माहीत आहे. पण मी एकटी काय करणार?

डबा सवडीने पाठव. माया तशीच ठेव गं.

तुझी,
वृंदा

मानेसर
१० जानेवारी २०२६

चि. अनुष्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ॲपला मी उत्तर का दिलं नाही ते सांगते. कुणी तुला आधीच सांगायला हवं होतं, पण ते माझ्यावर आलंय.

हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावतात. सवाशीण म्हणजे जिचा नवरा आहे ती. माझ्यासारखीला बोलावत नाहीत. तशी कुठे पाटी नसते आणि कुणी येऊ नको म्हणूनही सांगत नाही. तुझे काका गेले त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या मजल्यावर दुपारी बायका आल्या. समोरच्या दाराची घंटा वाजली, मग कोपऱ्यातल्या दाराची वाजली. मी ओला हात पुसून दाराच्या आत उभी राहिले. पद्धत मला माहीत होती, तरी उभी राहिले. सवय. मग चपलांचे आवाज खाली गेले. कुणी वाईट वागलं नाही. त्या बायका एरवी माझ्याकडे विरजण मागायला येतात.

तुझ्या मशीनला हे कुणी सांगितलं नाही. पहिला निरोप आला तेव्हा मला वाटलं चुकून आला. एक दिवस सोडून दुसरा आला, की काकू अजून ठरलं नाही का. मग तिसरा, की खिडकीजवळची जागा तुमचीच आहे. मग आणखी एक, की तुम्ही आल्याशिवाय तिळगूळ वाटणार नाही. हे जरा जास्तच झालं. मी मोबाइलला म्हटलं की बाई, किती मागे लागशील. शेजारीण कठड्यावरून डोकावली आणि कोण आलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुतणी. एका परीने खरंच आहे ते. तुझे काका गेल्यापासून मला एखादी गोष्ट इतक्यांदा कुणी विचारलेली नाही.

आता मुद्दा. आमच्यासारख्यांची आमंत्रणं रद्द करावी असं मंडळाचं म्हणणं आहे आणि ते तुझ्याकडून करून घेण्याचं काम वृंदाने माझ्याकडे दिलंय. तर मी ते तुला कळवलं. कर किंवा करू नको, हे मी सांगत नाही, कारण मला स्वतःलाच माहीत नाही. मला तिथे जायचंय की नाही याचा मी इतक्या वर्षांत विचारच केलेला नाही. फक्त जो निरोप जाणार असेल तो आधी मला दाखव. आपल्या घरच्या माणसाने लिहिलेलं मराठी निदान नीट असावं.

फार मनाला लावून घेऊ नकोस आणि आईला फाडून खाऊ नकोस. आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला जरा जास्त.

तुझी,
पद्मजाकाकू

नोएडा
१४ जानेवारी २०२६

ती. काकू,
नमस्कार, सगळे.

आईला फाडून खाऊ नकोस हे वाचण्याआधीच मी तिला फोन केला होता, सॉरी. ती म्हणाली तिला वाटलं मला माहीत आहे. मी म्हटलं कसं माहीत असणार, तू कधी सांगितलंस? तिने कुकरखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली की असलं कुणी सांगत नाही, ते दिसत असतं. मला नाही दिसलं, काकू. काका गेल्यानंतर एकाही संक्रांतीला तू आमच्याकडे आली नाहीस आणि मला वाटायचं मानेसर लांब पडतं म्हणून. आता मला कळतच नाहीये की रागवायचं कुणावर. सगळे इतके चांगले आहेत यार.

अण्णासाहेबांचा फोन आला होता. फार गोड बोलले. म्हणाले बेटा, काही विशेष नाही, नावाच्या खाली एक चौकट घाल, पती हयात आहेत का, होय किंवा नाही. पुढच्या वर्षीपासून आपोआप होईल. दोन मिनिटांचं काम. सगळ्यात वाईट म्हणजे ते खरंच दोन मिनिटांचं काम आहे. मी अनिशला दाखवलं. तो आधी हसला, की हा बग आहे की फीचर ते मंडळालाच ठरवू दे. मग थोड्या वेळाने आपणहून सांगायला लागला की त्याच्या बहिणीच्या लग्नात त्याची आई मंडपात न बसता पूर्ण वेळ स्वयंपाकघरात होती आणि त्याने तिला एकदाही बाहेर बोलावलं नव्हतं. मग आम्ही दोघं बटणाच्या कामाला लागलो.

निरोप लिहिलाय, खाली देते. "आदरणीय भगिनी, तांत्रिक कारणामुळे आपणांस हळदीकुंकवाचे आमंत्रण चुकून पाठवले गेले. तरी ते रद्द समजावे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." ही वाक्यं मी कुठून उचलली सांगू? आमची विमा कंपनी पैसे नाकारते तेव्हा हेच पाठवते. फक्त तिथे भगिनी नसतं.

तू पाठव म्हणालीस तर पाठवीन. नको म्हणालीस तर मंडळाने दुसऱ्या कुणाकडून ॲप करून घेतलं तरी नाही पाठवणार. पण सांग तू. या निरोपात तुझंही नाव आहे, आणि तुला न विचारता तुझ्याबद्दल ठरवणारी आणखी एक व्हायचं नाहीये मला.

लोभ ठेव, प्लीज.

तुझी,
अनुष्का

मानेसर
१७ जानेवारी २०२६

प्रिय वृंदा,
स. न. वि. वि.

डबा परत पाठवते आहे. रिकामा कसा पाठवू, म्हणून तिळाच्या वड्या घातल्यात. कडक झाल्यात. तुझ्या ह्यांना सांग की दातांची काळजी घ्या. पोळ्या चांगल्या होत्या आणि तू सांगितल्याप्रमाणे आधी खाऊन मग चिठ्ठी वाचली. ते बरं केलंस. उलट केलं असतं तर एका पोळीवर थांबले असते.

चौदा तारखेला दरवर्षीप्रमाणे मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबला जाऊन आले. हे होते तेव्हा पुढे पुरुषांत उभे राहायचे आणि मी मागे बायकांत. या वर्षीही हार घातले, भाषणं झाली. लढाईत पडलेल्यांबद्दल सगळे बोलले. त्यांच्या घरी पुण्या-साताऱ्याकडे ज्या वाट बघत राहिल्या त्यांचं काय झालं ते कुणी बोललं नाही. वेळ कमी असतो, बसही सुटायची असते. मला मात्र येताना सगळ्या वाटेने तेच सुचत होतं. आपली सखुबाई बसमध्ये माझ्या शेजारी होती. सव्वीस जानेवारीला तिला दरवर्षी व्यासपीठावर बोलावून शाल देतात, तुला माहीत आहे. पण बस परत दिल्लीत, कर्नाल बायपासला आली तरी ती मला शालीचं नाही, हळदीकुंकवाचं सांगत होती. कोणती साडी, कोणता ब्लाउज, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी येणार आहे ते. मला विचारलं, तू काय नेसणार. मी खिडकीबाहेर बघितलं.

आता तुझ्या कामाचं. पोरीने रद्द करायचा निरोप लिहून मला दाखवला. तांत्रिक कारण असं लिहिलंय. वृंदा, हे मला पटलं नाही. मशीनने काही चूक केलेली नाही. त्याला नावं दिली, त्याने बोलावलं. रद्द करायचंच असेल तर खरं कारण लिहायला हवं, की तुमचे यजमान वारले म्हणून येऊ नका. आणि ते मोबाइलवर बरं दिसणार नाही. आपण आमंत्रणं करंड्यासकट दारोदार जाऊन दिली आहेत, तर ती परत घ्यायलाही दारात जावं. तू जा. एकटीने वाईट वाटेल तर अण्णासाहेबांना बरोबर घे. माझ्याकडून सुरुवात केलीस तर चहा टाकीन. सखुबाईकडे गेलीस तर ती जेवल्याशिवाय सोडणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेव.

मी रागावून लिहीत नाही, तू माझा आवाज ओळखतेस. तू दारात येऊन सांगितलंस तर मी ऐकून घेईन आणि आपल्या मैत्रीत काही कमी होणार नाही. पण ते त्या पोरीच्या हातून करून घ्यायला मी मदत करणार नाही. तिला थांबायला सांगितलंय.

वड्या आधी फोडून घे. लोभ आहे म्हणून इतकं लिहिलं, नाहीतर नुसता डबा आला असता.

तुझी,
पद्मजा

गुडगाव
२१ जानेवारी २०२६

प्रिय पद्मजा,
स. न. वि. वि.

तू दुष्ट आहेस. एका वडीने ह्यांची दाढ हलली.

काल मी निघाले. तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही, म्हणून आधी सखुबाईकडे गेले. म्हटलं ती लहान आहे, तिला सांगणं सोपं जाईल. गल्लीत शिरल्यावर आधी तिची साडीच दिसली, कांजी करून दोरीवर लांबलचक पसरलेली, हिरवी. मला बघून तिला वाटलं मी जातीने आमंत्रण द्यायला आले. तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं की बघ, मंडळाच्या बाई स्वतः आल्यात. मला बसवलं, पिठलं-भाकरी केली, आणि मी खाल्ली. निघताना तिने विचारलं की केसात गजरा घातला तर चालेल का, की जास्त होईल. मी म्हटलं घाल. मग मी रिक्षात बसले आणि गुडगावपर्यंत माझ्या हातातल्या रुमालाचं जे झालं ते तुला सांगत नाही.

घरी येऊन अण्णासाहेबांना फोन केला की बाकीच्या दारांवर तुम्ही जा. त्यांचं बीपी वाढलंय म्हणे. तर कुणीच गेलेलं नाही आणि आता जाणारही नाही. ज्या दोघी-तिघी येणार नव्हत्या त्यांना मी सांगितलं की तुमचं वाण घरी पोचवते.

तू ये. पण एक आत्ताच सांगून ठेवते. तू समोर बसलीस की मी करंडा घेऊन काय करीन ते मला माहीत नाही. कुंकू सांडलं तर हसू नकोस.

ये गं. एवढंच.

वृंदा

मानेसर
२८ जानेवारी २०२६

चि. अनुष्का हिस,
अनेक आशीर्वाद.

नेमकं रविवारीच विमा कंपनीचं बटण बंद पडावं आणि तुला ऑफिसात बोलवावं, हे काही खरं वाटत नाही. पण मेट्रोतून तुझा रडका फोन आला होता म्हणून विश्वास ठेवते. आता सगळं सांगते, नीट वाच.

गाडी दिल्लीहून फेरा घेऊन वेळेवर आली. खिडकीजवळच्या जागेवर सखुबाई आधीच बसलेली होती, हिरवी साडी, गजरा. तिने मला जागा देऊ केली नाही आणि मीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशीच्या परेडमुळे जागोजागी गाडी अडवत होते. प्रत्येक नाक्यावर पोलिसाने कुठे निघालात विचारलं की ती सगळ्यांच्या आधी मोठ्याने हळदीकुंकू म्हणून सांगायची. पोलिसाला काही कळायचं नाही. तो पुढे जाऊ द्यायचा.

हॉलमध्ये मला कुठे बसावं ते कळेना, तर मी भिंतीकडे गेले. वृंदाने हाताला धरून मधल्या रांगेत आणून बसवलं. माझ्या पलीकडच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. जाऊ दे. त्यांच्या जागेवर एक नुकतंच लग्न झालेली मुलगी येऊन बसली.

वृंदा करंडा घेऊन रांगेतून येऊ लागली. सखुबाईपाशी आली तेव्हा खरंच तिच्या हातून थोडं कुंकू करंड्याबाहेर सांडलं. सखुबाईने आपलंच कपाळ पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले. कुंकू जरा वाकडं लागलं. सखुबाई बराच वेळ डोळे उघडेना. मग माझ्यापाशी आली. वाकून हळूच विचारलं, लावू का. अनुष्का, मी नको म्हटलं.

माझं मलाच नवल वाटलं. मला वाटत होतं की हेच तर मला हवं आहे. पण तिने विचारलं आणि मला कळलं की नाही, कुंकू मला आता नको. ते यांच्याबरोबरचं होतं. इतकी वर्षं मला बोलावत नव्हते म्हणून मी गप्प होते, आणि तो गप्पपणा माझा आहे की त्यांचा तेच मला कळत नव्हतं. नको म्हणायलासुद्धा आधी कुणी विचारावं लागतं. वृंदाने मान हलवली, माझ्या मनगटाला अत्तर लावलं, ओटीत बोरं-गाजरं घातली आणि पुढे गेली. तर पुढची ती नवी मुलगी म्हणाली की तिलाही नको, कुंकवाने तिच्या कपाळाला खाज सुटते, सासरी सांगायची लाज वाटते. मग आणखी एक म्हणाली फक्त हळद. वृंदा वैतागून म्हणाली की हे हळदीकुंकू आहे की हॉटेल. सगळा हॉल हसला. अण्णासाहेबांना हवी ती चौकट तू करू नकोस. करायचीच असेल तर सगळ्यांना एकच विचार, काय लावू. नवरा असलेल्यांनासुद्धा.

खाणं झाल्यावर उखाणे सुरू झाले. एकेक जण उठून नवऱ्याचं नाव घेत होती. माझी पाळी जवळ आली तसं मी बघितलं की पुढच्या बायका मला ओलांडून त्या मुलीकडे बघायला लागल्या आहेत. चांगल्या मनानेच, मला अवघड वाटू नये म्हणून. मी उभी राहिले. तयारी काहीच नव्हती. तोंडाला आलं ते घेतलं:

संध्याकाळी फाट्यावर उतरतात कंपनीचे सगळे जण,
सूर्यकांतरावांना शोधतं त्यात अजून माझं मन.

पुढच्या रांगेतल्या बायका आपापले पदर सारखे करू लागल्या. पंखा जानेवारीत बंदच होता. मी मनात म्हटलं झालं, घातलंस विरजण सगळ्यांच्या आनंदावर, आणि खाली बसू लागले. तेवढ्यात, खाल्ल्यावर शेवटच्या रांगेत जाऊन बसलेल्या सखुबाईने ओरडून सांगितलं की नाव ऐकू आलं नाही, परत घ्या.

मी परत घेतलं.

पत्र पोचल्याचं कळव, आणि ते सुद्धा कागदावर. लोभ आहे तो वापरात ठेव, नुसता साठवू नकोस.

तुझी,
पद्मजाकाकू